आहे त्यात भागव?



गेल्या आठवड्यात माळा आवरताना मुलाचा जुना स्पेक्ट्रम सापडला. टीव्हीला जोडायचा, रबरी बटणांचा छोटा काळा कॉम्प्युटर. १९८४ साली इंग्लंडहून आलेल्या माझ्या साडूंनी आणला होता. (पुढे डेसिबेल्स कंपनीने स्पेक्ट्रम भारतातही विकला.) १६ आणि ४८ केबी अशा दोन प्रकारांत तो मिळायचा. आमचा १६ चा!

मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे आधी हिशेब. १६ केबी म्हणजे १६,३८४ बाइट्स. त्यातले ६,९१२ पडद्यावरच्या चित्रालाच जायचे. आणखी किरकोळ कपात होऊन हातात जेमतेम ९ हजार. अगदी आपल्या पगाराच्या स्लिपसारखं! ४८ केबीसाठी लिहिलेले गेम त्यावर चालायचेच नाहीत. मुलगा मेमरी वाढवा म्हणून मागे लागला. मी दोन वर्षं एकच उत्तर दिलं, "आहे त्यात भागव."

शेवटी साडूंनीच पुढच्या खेपेला चिप्स आणल्या. आत बोर्डावर त्यांच्यासाठी रिकामे सॉकेट आधीपासूनच होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका भाईंनी तासाभरात बसवून दिल्या. महिन्याभरात मुलाने आवर्ती ठेवीच्या व्याजाचा प्रोग्रॅम लिहिला. मी बँकेच्या तक्त्याशी पडताळून पाहिला, पै न् पै जुळली. मी गप्पच बसलो. पोराची दोन वर्षं मी फुकट घालवली होती.

नंतर एक गंमत वाचली. या वाढीव ३२ केबीसाठी कंपनी दुप्पट क्षमतेच्या, पण अर्ध्या बिघडलेल्या चिप्स स्वस्तात घेऊन त्यांचा चांगला अर्धा भाग वापरायची. सुरतकरांना हे सांगायला नको. आपल्याकडे डागी हिरा कोणी फेकत नाही. डाग टाळून उरलेल्याला पैलू पाडतात.

आता नातवाचा लॅपटॉप बघा. चारच वर्षांत रडतखडत चालायला लागला. दुकानदार म्हणाला, "काका, मेमरी बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, वाढत नाही. नवीन घ्या." अशी मेमरी कमी जागा घेते, वीजही कमी खाते, हे मान्य. पण हे गिऱ्हाइकाला विकतानाच सांगायला नको का? आम्ही कर्ज देताना अटी वाचून दाखवायचो, सही नंतर. सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. माझं म्हणणं एवढंच, की खोक्यावर ठळक अक्षरांत लिहायची सक्ती करा: मेमरी वाढवता येते की नाही.

तोवर आपण दुकानात आधी तोच प्रश्न विचारायचा. आणि घरात कोणी पोर थोडं जास्त मागत असेल, तर 'आहे त्यात भागव' म्हणण्याआधी ते कशासाठी, हेही विचारा. मी विचारलं नव्हतं.

दिवाळीत मुलगा येतोय. स्पेक्ट्रम पुसून ठेवलाय. बघू चालतो का.