गृहचौकशीच्या कागदावरची गरिबी

बालगृहात ठेवलेले मूल परत मिळावे म्हणून आई किंवा वडील बाल कल्याण समितीकडे अर्ज करतात, तेव्हा निर्णयाआधी एक कागद यावा लागतो : गृहचौकशी अहवाल. परिवीक्षा अधिकारी किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा सामाजिक कार्यकर्ता घरी जातो, खोली पाहतो, शेजाऱ्यांशी बोलतो आणि आपले मत नोंदवतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४० नुसार मूल पालकांच्या स्वाधीन करण्यापूर्वी पालकांची योग्यता समितीने ठरवायची असते. अधिकार समितीचा आहे; पण समितीने ते घर सहसा पाहिलेले नसते. तिच्यासमोर असतो तो अहवाल.

मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या वस्तीत भर दुपारी गेलेल्या अधिकाऱ्याला काय दिसेल? दाराला कुलूप, नाहीतर आत दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळत बसलेली. आई चार घरची धुणीभांडी करायला गेलेली. अहवालात उतरते ते एवढेच : ‘मुले देखरेखीविना आढळली.’ अंगणवाडी काही तासांत सुटते, खासगी पाळणाघर परवडत नाही आणि खाडा झाला तर पगार कापला जातो, हे त्या तीन शब्दांत मावत नाही. डबे रिकामे दिसतात, कारण हातावर पोट असलेल्या घरात किराणा महिन्याचा नव्हे, रोजचा भरला जातो. वाटेत पाण्याची पिंपे असतात, कारण नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. त्याची नोंद ‘अस्वच्छता’ अशी होऊ शकते. या नोंदींपैकी एकही खोटी नसते. मात्र परिस्थितीने जे केले, ते पालकांनी केले असा अर्थ त्यांतून निघतो.

पालकांच्या वागण्याचेही तसेच. ज्या वस्तीत सरकारी माणूस आला की बहुधा पाडकामाची नोटीस आली असे समजायचे, तिथली बाई अनोळखी अधिकाऱ्याशी मोजकेच बोलते किंवा चढ्या आवाजात बोलते. दोन्हींचा शेरा एकच असू शकतो : ‘सहकार्य करत नाहीत.’

विसंगती अशी की, हेच घर दुसऱ्या एका अर्जासाठी नेमके उलट दाखवावे लागते. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या किंवा संकटात सापडलेल्या कुटुंबातील मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात; २०२३ पर्यंत ही रक्कम १,१०० रुपये होती. तिथेही गृहचौकशी असते आणि घरासमोर पालकासह काढलेले मुलाचे छायाचित्र जोडावे लागते. त्या छायाचित्रात पत्र्याचे घर हे मदतीस पात्र असण्याचे प्रमाण ठरते. मूल परत मागताना तेच पत्रे पालकांच्या विरोधात साक्ष देतात. कोणत्या खिडकीवर गरिबी दाखवायची आणि कोणत्या खिडकीवर झाकायची, हे ज्याला उमगले त्याचे काम होते.

कायद्याची भूमिका याबाबत संदिग्ध नाही. २०१५ च्या अधिनियमाचे कलम ३ मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची मानते आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय ठरवते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत तर केवळ आर्थिक विपन्नता हे मुलाला पालकांपासून दूर करण्याचे कारण होऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे.

करोनाच्या साथीत याची अनपेक्षित परीक्षा झाली. साथ सुरू झाली तेव्हा देशभरातील बालसंगोपन संस्थांत सुमारे २ लाख २७ हजार मुले होती. त्यांतील सुमारे १ लाख ४५ हजार घरी पाठवण्यात आली. म्हणजे एवढ्या मुलांना परत घेणारे कोणीतरी होते. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरी गेलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी दरमहा २,००० रुपये देण्याचे आदेश राज्यांना दिले. घाईने झालेल्या या पाठवणीत धोकेही होते, आणि सगळीच घरे सुरक्षित होती असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु जी दारे काही महिन्यांपूर्वी ‘अयोग्य’ होती, ती साथ आल्यावर उघडी आहेत असे यंत्रणेला दिसले, ही वस्तुस्थिती उरतेच.

गृहचौकशी नकोच, असा याचा अर्थ नाही. मारहाण, व्यसन, लैंगिक अत्याचार यांतून मुलांना सोडवायचे तर कोणीतरी दार ठोठावलेच पाहिजे. गंमत म्हणजे, हे सारे एका भेटीत क्वचितच दिसते. घर नीटनेटके, पालक गोडबोले, चहा पुढे आलेला. अशा घराचा अहवाल चांगलाच होतो. डोळ्यांना सहज दिसते ते दारिद्र्य आणि लपते ती क्रूरता, त्यामुळे चूक दोन्ही बाजूंनी होते.

अहवालासाठी वेळही बेताचाच असतो. कलम ३६ प्रमाणे मूल प्रथम समितीपुढे आल्यानंतरची सामाजिक तपासणी १५ दिवसांत पुरी करायची असते. जिल्हा कक्षांत माणसे मोजकी, त्यांतही कंत्राटी. दुसरी भेट, तीही संध्याकाळी आई घरी असताना, या वेळापत्रकात बसणे कठीण. प्रत्येक उणिवेपुढे ‘ही पैशाने भरून निघेल का?’ एवढा एक रकाना मात्र आजच्या मनुष्यबळातही भरता येईल. उत्तर ‘होय’ आले, तर मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. त्यासाठीची उत्पन्नमर्यादा शहरी कुटुंबाला वर्षाला ९६,००० रुपये, म्हणजे महिन्याला ८,०००. चार घरची धुणीभांडी करणारी आई त्याहून थोडे अधिक कमावत असेल, तर ती या मदतीलाही मुकते आणि अहवालात तिची मुले ‘देखरेखीविना’च राहतात.