सुई नको म्हणणाऱ्यांना

परवा भाचीचा फोन आला. तिच्या शेजारच्या बारा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याजवळ गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, सुईने तुकडा काढून तपासू. घरातली वडीलधारी म्हणतात, "सुई लावली की कॅन्सर पसरतो." हे वाक्य मी पन्नास वर्षं ऐकते आहे. आता गप्प बसवत नाही.

मुलांच्या हाडातला ऑस्टिओसार्कोमा किंवा इविंगचा सार्कोमा तसा दुर्मीळ. सुरुवातीला वाटतं, खेळताना लागलं असेल. इविंगमध्ये ताप आणि सूज येते, तेव्हा हाडात पू झाल्यासारखं दिसतं. एक्स-रेवरून संशय येतो, पण पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय गाठ कसली ते ठरत नाही. मग औषध कशावर देणार? आणि गाठ साधी किंवा क्षयाची असली तर तेही सुईच सांगते.

भीतीत खरं आहे ते एवढंच, की सुईच्या वाटेवर काही पेशी राहू शकतात. म्हणून पुढच्या ऑपरेशनच्या छेदाच्या रेषेतच सुई घालतात आणि ती वाट गाठीबरोबर काढून टाकतात. तेव्हा सुई कुठून घालायची, हे ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच ठरवायला हवं. अमेरिकेतल्या डॉ. हेन्री मॅन्किन यांनी १९९६ साली ५९७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बायोप्सी उपचार केंद्राऐवजी आधीच्याच दवाखान्यात उरकली, तिथे चुका आणि गुंतागुंत २ ते १२ पट जास्त होती. बायोप्सी चुकल्यामुळे १८ जणांचे हातपाय विनाकारण कापावे लागले. म्हणजे "सुई नको" हा हट्ट चूक, तसंच "इथेच उरकून टाका" ही घाईही चूक.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचा गुडघा तीन महिने तेल लावून चोळला गेला. त्याला कुणी सुई लावली नव्हती. तरी आजार फुप्फुसात गेलाच. पुढच्या वर्षी हजेरीपटात त्याचं नाव नव्हतं. सुईने पसरतो म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. आधी तिथे विचारा. मुंबईला टाटाला जा म्हणाले, तर पै-पाहुण्यांचा सल्ला घेत बसू नका, गाडी पकडा.

भाचीला हेच सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, तूच बोल त्यांच्या आजोबांशी." उद्या सकाळी जाते आहे.