सॉफ्टवेअरला शिव्या देण्याआधी फुटेज बघा

लग्नसराई सुरू झाली की माझ्या फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत येतो : "ताई, सॉफ्टवेअर हँग होतंय, दुसरं कुठलं टाकू?" सांगलीत मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. शूटिंगवाली पोरं फुटेज आणून देतात, स्वतः काही करताना अडली तरी मलाच विचारतात. माझं उत्तर ठरलेलं. सॉफ्टवेअर राहू दे बाजूला, फुटेज कशाकशावर घेतलंय ते आधी सांग.

मग एकेक बाहेर पडतं. स्टेजवरचा कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर. दुसऱ्या पोराच्या कॅमेऱ्यावर मागच्या कामाचं सेटिंग तसंच राहिलेलं, २९.९७. ड्रोनचं तिसरंच काही. आणि हळदीचं निम्मं शूटिंग नवरीच्या भावाच्या मोबाइलवर, तेही व्हॉट्सॲपवरून आलेलं. हे सगळं एका टाइमलाइनवर ओतायचं आणि कॉम्प्युटरनं निमूट चालायचं, अशी अपेक्षा!

सगळ्यात जास्त रडारड आवाजाची. पहिल्या मंगलाष्टकाला भटजींचे ओठ आणि आवाज अगदी जुळलेले असतात. शेवटच्या 'सावधान'पर्यंत ओठ मिटून जातात आणि आवाज मागून येतो. पोरं काय करतात, तर आवाजाचा तुकडा पाडून थोडा अलीकडे सरकवतात. काही मिनिटांत तो पुन्हा सुटतो. पुन्हा तुकडा. एक विधी बसवायला अख्खी रात्र जाते. मुळात बरेचसे मोबाइल ठरलेल्या गतीनं फ्रेम घेतच नाहीत. उजेड कमी झाला, फोन तापला, की फ्रेम कमी-जास्त होतात. एडिटिंगच्या टाइमलाइनला मात्र समान अंतरावरच्या फ्रेम लागतात. काही सॉफ्टवेअर हे सांभाळून घेतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. हँडब्रेकसारखं फुकट सॉफ्टवेअर घ्यावं, त्यात 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडावा, क्लिप बदलून घ्याव्यात आणि मगच कामाला बसावं. कॅमेऱ्याच्या फुटेजलाही हा त्रास होतो. २९.९७चं फुटेज '३०च की' म्हणून ३०वर चालवलं, तर वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेल्या आवाजाशी तासाभरात साडेतीन सेकंदांहून जास्त फरक पडतो.

हँग होण्याचंही तसंच. नव्या फोनचं आणि कॅमेऱ्यांचं फुटेज बऱ्याचदा एचईव्हीसीत असतं. २०१३मध्ये आलेली ही पद्धत जागा वाचवते. तिच्यात पूर्ण चित्र मधूनमधूनच साठवलेलं असतं, बाकीच्या फ्रेममध्ये नुसता बदल. प्ले करताना ते भागतं. एडिटिंगमध्ये तुम्ही मधल्याच फ्रेमवर जाता, मागे येता, कापता. दर वेळी मशीनला अलीकडच्या पूर्ण चित्रापासून सगळं उलगडत यावं लागतं. त्यावर प्रॉक्सी हा साधा इलाज आहे. हलक्या प्रती करून त्यांच्यावर काम करायचं, शेवटी एक्स्पोर्ट मूळ फुटेजवरून निघतं. प्रीमियर, रिझॉल्व्ह, फायनल कट, सगळ्यांत ही सोय आहे. पण प्रॉक्सी तयार व्हायला वेळ लागतो आणि आमच्या पोरांना तेवढा धीर नसतो. त्यापेक्षा हप्त्यावर महागडं ग्राफिक्स कार्ड घेणं त्यांना सोपं वाटतं. एनव्हिडियाची ५० मालिकेच्या आधीची कार्डं १०-बिट ४:२:२, म्हणजे रंगांचा जास्त तपशील ठेवणारं फुटेज हार्डवेअरवर उलगडतच नाहीत, हे विकत घेताना कुणी विचारत नाही. कार्ड आरामात बसतं, सगळा भार प्रोसेसरवर. उलट इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या कित्येक प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स एचईव्हीसीतलं तसलं फुटेज चालवून दाखवतं.

'मीडिया ऑफलाइन'ची लाल पाटी दिसली की घाबरायचं कारण नाही. काल 'एफ' असलेली हार्ड डिस्क आज 'जी' झालेली असते, एवढंच. विंडोजमध्ये तिला कायमचं अक्षर देऊन टाकावं.

सॉफ्टवेअरवाले धुतल्या तांदळासारखे आहेत असंही नाही. मराठी टायटल टाकलं की वेलांटी भलत्याच अक्षरावर आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले, हा दोष सर्वस्वी त्यांचा. प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्समध्ये जाऊन टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करावं लागतं. एकदा केलं की नावं नीट उमटतात. पण भारतात धंदा करणाऱ्यांनी ते आधीपासूनच चालू ठेवायला काय हरकत आहे? नवरदेवाच्या आजोबांना ते सेटिंग ठाऊक नसतं. नातवाचं नाव चुकलं, एवढंच त्यांना दिसतं, आणि बोल बसतो एडिटरला.

ते सोडलं, तर बहुतेक दुखणी मांडवातच सुरू झालेली असतात. ट्यूबलाइटखाली चेहऱ्यांवरून सरकणारे काळे पट्टेच घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१००वर ठेवलं की ते येत नाहीत. एकदा आले की नंतर काढणं जिकिरीचं, आणि पूर्ण जातील याची खात्री नाही. एडिटिंगच्या क्लासमध्ये पोरांना ट्रान्झिशन आणि रंग शिकवतात. फ्रेम रेट आणि शटर आपापलं शिकून घ्यायचं. लग्नाआधी पार्टीबरोबर बैठक होते, तिच्यात ड्रोन किती वेळ उडणार, अल्बमची पानं किती, हे ठरतं. कुठला कॅमेरा किती फ्रेमवर चालणार, हे पाच मिनिटांत ठरण्यासारखं आहे, पण तो विषय काढायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

म्हणून मी आता बिलात 'फुटेज दुरुस्ती' अशी वेगळी ओळ टाकते, तासावर पैसे. आधी खूप कुरकुर झाली. आता निदान दोन-तीन शूटिंगवाले कामाच्या आदल्या दिवशी फोन करून विचारतात, "ताई, सगळे कॅमेरे पंचवीसवर ठेवू ना?" त्यांच्या बिलात ती ओळ नसते.