मामाच्या गिटारचा 'आत्मा' म्हणे!

गेल्या रविवारी दादाचा फोन आला. हालहवाल विचारून झाल्यावर मी बोलता बोलता सांगितलं की मामाच्या गिटारचा कोन बदलून घेतला. पलीकडे शांतता. मग म्हणाला, "म्हणजे बाबांच्या गिटारचा आत्माच काढून टाकलास की रे."

फोनवर मी गप्प बसलो. मोठा भाऊ आहे, मामेभाऊ असला म्हणून काय झालं! पण ब्लॉग माझा आहे, आणि दादा हा ब्लॉग वाचतो हे मला माहीत आहे (प्रतिक्रिया कधी देत नाही, तो भाग वेगळा). तेव्हा काय ते इथेच बोलू.

आधी बाकीच्या मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. मामा सत्तरच्या दशकात अमेरिकेत शिकायला गेला होता. तिथे एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्याने ही गिटार घेतली. १९३० च्या दशकातली नॅशनल ड्युओलियन. पूर्ण पोलादी पत्र्याची. डायर स्ट्रेट्सच्या 'ब्रदर्स इन आर्म्स' (१९८५) च्या कव्हरवर आभाळात तरंगणारी चकचकीत गिटार आठवतेय ना? ती मार्क नॉफ्लरची नॅशनल, 'स्टाइल ओ'. आमची म्हणजे तिची गरीब बहीण, चकाकीऐवजी खरखरीत रंगाची. बुका व्हाइट हा ब्लूजवाला ड्युओलियनच वाजवायचा. मामा गेल्यावर मामीने ती माझ्याकडे दिली, कारण घरात वाजवणारा मी एकटाच. 'वाजवणारा' हा शब्द जरा सैल अर्थाने घ्यावा.

ह्या गिटारला लाकडी फळी वाजवत नाही. आत ॲल्युमिनियमचा एक पातळ शंकू असतो, लाउडस्पीकरच्या पडद्यासारखा. त्यालाच कोन म्हणतात (भूमितीतला नव्हे, आइस्क्रीमचाही नव्हे). वीज लावून आवाज वाढवायची सोय नव्हती त्या काळात बँडच्या गोंगाटात गिटार ऐकू यावी म्हणून जॉन डोपिएरा ह्या मूळच्या स्लोव्हाक कारागिराने लॉस एंजेलिसमध्ये १९२७ च्या सुमारास ही युक्ती काढली. पहिल्या गिटारींत सहा-सहा इंचांचे तीन कोन असत. पुढे साडेनऊ इंचांचा एकच कोन आला, टोक वर करून बसवलेला. त्या टोकावर एक गोल लाकडी चकती, तिचं नाव बिस्किट (पारले-जी नव्हे, मेपलचं), आणि चकतीच्या खाचेत घोडी. डोपिएरा बंधूंनी नंतर डोब्रो काढली, तिच्यात साडेदहा इंचांचा कोन वाडग्यासारखा उताणा असतो आणि वर कोळ्याच्या पायांसारखा सांगाडा. एकीचा कोन दुसरीत बसत नाही. हे एवढ्यासाठी सांगतोय की आमच्या इथल्या एका दुकानदाराने मला बिनदिक्कत साडेदहा इंची कोन दाखवून "थोडा घासला की बसेल" असं सांगितलं होतं. असो.

आता मुद्दा. सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. त्यातला बराचसा लांबीच्या दिशेने ओढतो, पण तारा घोडीवरून वाकून शेपटीकडे उतरतात म्हणून एक हिस्सा सतत खाली दाबत राहतो. कोनाचा पत्रा मिलिमीटरच्या पाव भागापेक्षाही पातळ. तो फक्त कडेवर टेकलेला असतो, ना स्क्रू ना गोंद. असा पत्रा ऐंशी-नव्वद वर्षं हा भार सोसत बसला, त्यात एखाद्या वेळी पेटी आपटली, कुणी अंगठ्याने दाबून पाहिलं, की टोक खचतं. मामाच्या गिटारचं नेमकं तेच झालं होतं. तारा पट्ट्यांना जवळजवळ टेकल्या होत्या. वरच्या सुरांत झर्रर्र असा आवाज, खालचे सूर घशात अडकल्यासारखे.

"मूळ आहे ते ठेव" असं म्हणणारे लोक ह्याला 'कॅरॅक्टर' म्हणतात. मला ह्या शब्दाचाच राग येतो. पन्नास वर्षांच्या माणसाला खोकला झाला तर त्याला आपण कॅरॅक्टर म्हणतो का? डॉक्टरकडे नेतो!

आणि दादा, तुला एक विचारू? तुझ्या घरी आजोबांचा तबला आहे. त्याची पुडी किती वेळा बदलली? मला आठवतंय तसं निदान तीनदा, त्यातली एक तर तू स्वतः चढवून आणलीस. शाई तीच का जी आजोबांच्या बोटांखाली होती? वादीसुद्धा नवी. तरी आपण सगळे 'आजोबांचा तबला'च म्हणतो, आणि गणपतीत तोच निघतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी झिजली की पुन्हा काढून देतात, तेव्हा कुणी मूळ जवारी गेली म्हणून सुतक पाळत नाही. झिजणारा भाग कुठला आणि टिकणारा कुठला हे वाद्य बनवणाऱ्याला माहीत असतं. कोन झिजणाऱ्यांपैकी आहे. म्हणूनच तो चिकटवलेला नसतो.

बरं, उलट टोकाचेही लोक आहेत, त्यांच्याशीही माझं भांडण आहे. गिटार जरा खुळखुळली की "कोन बदल" हे ह्यांचं एकमेव औषध. अरे, आधी बघा तरी! बिस्किटाचा स्क्रू सैल असेल, वरच्या जाळीची एखादी पट्टी थरथरत असेल, कोनाची कड बसल्या जागी नीट टेकली नसेल. मीही आधी हे सगळं पाहिलं. स्क्रू कसला, कड साफ करून पुन्हा बसवली, काही उपयोग झाला नाही. मग सरळ पट्टी लावली तेव्हा टोक खाली गेलेलं स्पष्ट दिसलं. दुखणं कोनाचंच आहे हे कळल्याशिवाय पैसे घालवू नयेत.

आणि घालवायचे तर नीट घालवावेत. मी पहिल्यांदा चिंगूसपणा केला. डायमध्ये एका दाबात ठोकलेला स्वस्त कोन आणला. आवाज मोठा, कबूल. पण कसा? स्टीलच्या डब्याचं झाकण वाजवल्यासारखा. सूर उठायचा आणि लगेच विझायचा. चांगले कोन लेथवर चकती फिरवत, हळूहळू दाबत साच्यावर उतरवतात. तसं करताना पत्रा कडक होत जातो, आणि पातळ राहूनही ताण पेलतो. जुने नॅशनलचे कोनही तसेच फिरवलेले. शेवटी १९८९ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या नॅशनल रेसो-फोनिकचा फिरवलेला कोन मागवला. किंमत सांगत नाही, बायकोही ब्लॉग वाचते.

बसवायला एक अख्खी दुपार गेली. गिटार उताणी ठेवायची, तारा सगळ्या एकदम न कसता थोड्या थोड्या कसत न्यायच्या, कोनाला बोट लावायचं नाही. पहिले दोन आठवडे आवाज चिरका होता आणि मी मनातल्या मनात दादाची माफीही मागितली. मग तो बसत गेला.

एक गोष्ट मात्र दादाची मला खोडता येत नाही. तो म्हणाला, "बाबा रात्री वाजवायचे तेव्हा तो झर्रर्र असायचाच." बरोबर आहे. दादा कळता झाला तोवर कोन खचायला लागला असणार. त्याच्यासाठी बाबांचा आवाज म्हणजे तोच. मला मामीने सांगितलं की मामा त्या झर्ररवर वैतागायचा, घोडीखाली कागदाच्या घड्या घालायचा. जाळी काढली तेव्हा त्यातली एक घडी सापडली, इंग्रजी वर्तमानपत्राची, पिवळी पडलेली. तो हाच आवाज घालवायला बघत होता रे.

जुना कोन टाकलेला नाही. मऊ कापडात गुंडाळून बिस्किटाच्या (हे खाण्याच्या) पत्र्याच्या डब्यात ठेवलाय, मूळ लाकडी चकती आणि ती कागदाची घडी सोबत. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा. गिटार मात्र आधी एकदा ऐक, मग काय बोलायचं ते बोल.