माळ्यावरच्या व्हिडिओ कॅसेटी

वाचकहो, तुमच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत किंवा कपाटाच्या तळाशी एखादी काळी व्हिडिओ कॅसेट पडून आहे का? असेल तर ती उजेडात धरून खिडकीतून आत बघा. काळ्या फितीच्या गुंडाळीवर पांढरट पावडर किंवा कोळिष्टकासारखे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. आणि आपल्या जिल्ह्यात ती दिसणारच. वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात चामड्याची चप्पल चार महिन्यांत हिरवी होते, तिथे वीस-तीस वर्षे पडून राहिलेल्या कॅसेटीची काय कथा!

शेतीचे पान आणि त्यावर व्हिडिओ कॅसेट, हे काय नवीन, असे काहीजण म्हणतील. पण कामानिमित्त वाडीवाडीत फिरताना मी हे बघत आलो आहे आणि त्यावर लिहायलाच हवे असे वाटते.

१९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी देशात रंगीत टीव्ही आला. मागोमाग व्हीसीआर आला. आपल्याकडे तो बहुतेक दोन वाटांनी आला. एक मुंबईच्या चाकरमान्यांकडून आणि दुसरा आखातात नोकरीला गेलेल्या आपल्या मुसलमान बांधवांकडून. ज्यांच्याकडे नव्हता ते सत्यनारायणाला नाहीतर गणपतीत रात्रभरासाठी भाड्याने आणायचे. नव्वदच्या दशकात मे महिन्यातल्या लग्नात फोटोवाल्याबरोबर शूटिंगवालाही दिसू लागला. मग शिमग्याची पालखी, नमन, जाखडी, शाळेचे स्नेहसंमेलन, नव्या घराची वास्तुशांत, सगळे फितीवर उतरले. त्यातले बहुतेक आजही तिथेच अडकले आहे.

आता या कॅसेटीत नुसते लग्न नसते. लग्न खळ्यात लागते आणि मागे सगळी शेती दिसते. कुठे आंब्याची अढी लावलेली असते, कुठे भाजावळ केलेले तरवे काळे दिसतात, कुठे बैलांची जोडी दावणीला असते. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली, तेव्हा लावलेली गुडघाभर उंचीची कलमे एखाद्या कॅसेटीत दिसतील. गणपतीच्या कॅसेटीत घरामागच्या खाचरात पोटरीला आलेले भात दिसते, आणि आज तिथे रान माजलेले असते. गावाने आपली शेती कशी सोडली याचे चित्र कुठल्याही सरकारी दप्तरात इतके स्पष्ट सापडणार नाही. आणि माणसे? जी आज हयात नाहीत त्यांचे फोटो भिंतीवर आहेत, पण आवाज कुठे आहे? एका घरातल्या आजोबांनी मला विचारले होते, "साहेब, यातून आमच्या आवशीचा आवाज बाहेर काढता येईल काय?" घरात सात कॅसेटी होत्या, मशीन एकही चालू नव्हते.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्या काळी शूटिंगवाले लग्नाची कॅसेट 'मिक्सिंग' करून द्यायचे. म्हणजे हळद, मंगलाष्टके, पाठवणी या सगळ्यावर सिनेमाची गाणी चढवायची. बायकांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्या, भटजींचा आवाज, म्हाताऱ्यांच्या गप्पा त्या गाण्याखाली कायमच्या पुसल्या गेल्या. पण काही घरांत न कापलेली, मूळ शूटिंगची कॅसेटही शिल्लक असते. लोक तिला रद्दी समजतात. माझे म्हणणे असे की आधी तीच करून घ्यावी. दुकानदाराला स्पष्ट सांगावे की बाबा, गाणी लावू नकोस, फुले उडवू नकोस, काही कापू नकोस, आहे तसे उतरवून दे.

घाई कशासाठी, तर दोन बाजूंनी वेळ संपत आली आहे. कॅसेटीत प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडची बारीक भुकटी डिंकासारख्या द्रव्याने चिकटवलेली असते. तीन तासांच्या कॅसेटीत अशी सुमारे २५८ मीटर फीत असते. ते चिकट द्रव्य हवेतला ओलावा ओढते आणि भुकटी सुटू लागते. भाताचे बियाणे साठवताना ओलावा १३ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, असे आम्ही तुम्हाला सांगतो. इथेही शत्रू तोच आहे, फक्त बियाणे पुढच्या वर्षी नवे मिळते. दुसरी बाजू यंत्राची. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. आज जी यंत्रे चालतात ती जुनी आणि दुरुस्त केलेली. युनेस्कोने २०१९ मध्ये जगभरच्या संग्रहांना याच कारणासाठी इशारा दिला होता आणि २०२५ नंतर ही कामे अवघड होत जातील असे सांगितले होते. ते साल तर मागे पडले.

शिवाय आपल्या वाट्याला आपत्तीही आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे कौले, पत्रे उडाले आणि माळ्यावरचे सगळे भिजले. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी घराघरांत शिरले. पंचनाम्यात भांडी आली, धान्य आले, कॅसेटी कोण लिहितो?

आता काम कसे करावे. बुरशी आलेली कॅसेट कधीही थेट मशीनमध्ये घालू नये. ती स्वतः तर तुटेलच, पण बुरशी मशीनच्या हेडला लागून पुढच्या कॅसेटीही खराब होतील. अशी कॅसेट वेगळी ठेवा आणि जाणकाराकडूनच साफ करून घ्या. उन्हात वाळवू नका, प्लॅस्टिक वाकते. सुपारी-कोकमासारखी चुलीवरच्या माळ्यावरही ठेवू नका, काजळी बसते. कॅसेटीच्या कडेला एक लहान प्लॅस्टिकची पट्टी असते ती मोडून टाका, म्हणजे चुकून वर दुसरे काही भरले जाणार नाही.

उतरवण्याची पद्धत साधी आहे. व्हीसीआरमधून पिवळ्या वायरने चित्र आणि पांढऱ्या-लाल वायरने आवाज बाहेर येतो, तो एका छोट्या कॅप्चर यंत्रातून कॉम्प्युटरमध्ये जातो. तीन तासांच्या कॅसेटीला तीन तासच लागतात, त्यात शॉर्टकट नाही. म्हणून दहा मिनिटांत करून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा. काही जण टीव्हीवर कॅसेट लावून समोरून मोबाईलने शूटिंग करतात, त्यात पट्टे येतात आणि घरातल्या पंख्याचाही आवाज येतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट असेल तर आधीच सांगा, तिथली पद्धत वेगळी असते, साध्या मशीनवर चित्र धड दिसत नाही. साधारण तासाला दोन-तीन जीबीची फाईल तयार होते. तिच्या दोन प्रती करा. एक घरी हार्ड डिस्कवर आणि दुसरी मुंबईच्या भावाकडे, म्हणजे इथे पाणी शिरले तरी तिथे राहील. व्हॉट्सॲपवर पाठवले म्हणजे जपले, असे समजू नका. तिथे चित्र दाबून लहान केले जाते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्यांनी सीडी-डीव्हीडी करून घेतल्या त्यांनीही त्या एकदा लावून बघाव्यात. आपल्या हवेत त्याही टिकत नाहीत.

एकेकट्या घराला हे जमत नाही, म्हणून ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच मंडळींना विनंती. ग्रामसभेत हा विषय घ्या. चार-पाच गावांत मिळून एक चांगले मशीन आणि एक शिकलेला मुलगा पुरेसा आहे. दिवाळी ते शिमगा या कोरड्या दिवसांत काम करा. एक वही घाला आणि कॅसेट कोणाची, कुठल्या वाडीची, कुठल्या सालची, त्यात कोण कोण दिसते हे लिहून ठेवा. चेहरे ओळखणारी माणसे ऐंशीच्या घरात आहेत, त्यांना आधी बसवा. मात्र घरची कॅसेट घरच्यांना न विचारता इंटरनेटवर टाकू नका. आपल्या आयाबहिणींच्या हळदीचे चित्रण चारचौघांत फिरावे असे कोणाला वाटेल?

पालख्यांच्या कॅसेटींबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. मानपानाचे वाद आपल्याकडे कोर्टापर्यंत जातात आणि जुनी कॅसेट कोणाच्या तरी बाजूने निघते. म्हणून काही गावांत ती दडवून ठेवली जाते. दडवलेली कॅसेट दोघांच्याही उपयोगाची राहत नाही, ती फक्त बुरशीच्या उपयोगाची. उतरवून घेतल्यावरही मूळ कॅसेट फेकू नका, वकील आधी तीच मागतील. फीत एका टोकाला पूर्ण गुंडाळून, कॅसेट उभी, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

आणि ज्यांच्या घरी चालू व्हीसीआर आहे त्यांनी तो भंगारवाल्याला देण्याआधी ग्रामपंचायतीत कळवावे. किलोच्या भावाने गेलेले मशीन परत मिळणार नाही.