जांभळ्या लिंकची चुगली

चिखलीच्या किंवा मेहकरच्या एखाद्या नेट कॅफेत शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला बसलात की एक गोष्ट दर वेळी दिसते, पण तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. गूगलवर ‘महाडीबीटी’ टाकलं की येणाऱ्या यादीत काही लिंक निळ्या असतात, काही जांभळ्या. जांभळी म्हणजे त्या कॉम्प्युटरवर कुणीतरी ती आधी उघडलेली. सोय चांगलीच आहे. पण दोस्तांनो, हा रंग कित्येक वर्षं फक्त तुमच्या डोळ्यांनाच कळत होता असं नाही. तुम्ही उघडलेल्या अनोळखी वेबसाइटलाही तो कळू शकत होता.

कसा? वेबसाइटने आपल्या पानात तुम्हाला दिसणार नाहीत अशा शेकडो लिंक पेरायच्या. बँकेच्या, दवाखान्याच्या, लग्न जुळवणाऱ्या साइटच्या. मग ब्राउझरला हळूच विचारायचं, यातल्या जांभळ्या कोणत्या? ब्राउझर बिचारा खरं सांगून मोकळा. पासवर्ड चोरला नाही, व्हायरस टाकला नाही, तरी तुम्ही कुठं कुठं फिरून आलात त्याची यादी तिसऱ्याच्याच हातात.

ही गळती कुणाला माहीत नव्हती असं नाही. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाकडे २००२ मध्येच तिची तक्रार नोंदवली गेली होती. २०१० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी जगातल्या ५० हजार लोकप्रिय वेबसाइट तपासल्या, तेव्हा ४६ साइट हा उद्योग खरोखर करताना सापडल्या. त्याच सुमारास ब्राउझरना थोडं खोटं बोलायला शिकवलं गेलं. कुणी रंग विचारला तर ‘सगळ्या निळ्याच’ असं सांगायचं. तरी पळवाटा उरल्याच. लिंक रंगवायला ब्राउझरला किती वेळ लागला हे मोजून अंदाज बांधणारेही निघाले. क्रोमने मुळावर घाव घातला तो एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या १३६ व्या आवृत्तीत. आता एखाद्या साइटवर लिंक जांभळी दिसते ती तुम्ही त्याच साइटवरून पूर्वी ती उघडली असेल तरच. २००२ ते २०२५! तुमच्यापैकी बहुतेकांच्या वयापेक्षा ही चूक मोठी आहे.

यावर तुमचं उत्तर आम्हाला ठाऊक आहे. ‘पाहू दे की, माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?’ मग अमेरिकेतलं एक प्रकरण ऐका. एपिक मार्केटप्लेस नावाची जाहिरात कंपनी याच युक्तीने लोकांनी ५४ हजारांहून जास्त साइटपैकी कोणत्या उघडल्या ते तपासत होती. तिला काय हवं होतं? कुणाला मूल होत नाही, कुणाची पाळी थांबत आलीय, कोण कर्जातून सुटायची वाट शोधतोय, कोण दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आहे. त्यानुसार जाहिराती दाखवायच्या. २०१२ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर कारवाई केली.

आता हेच आपल्या घरात आणून बघा. समजा, सोयाबीन गेलं, बँकेचा हप्ता थकला, म्हणून बाबांसाठी तुम्ही रात्री कर्जमाफीची माहिती शोधलीत. दुसऱ्या दिवशी फोनवर ‘पाच मिनिटांत कर्ज’ अशी जाहिरात हजर. घरची अडचण तुम्ही मित्रालाही सांगितली नव्हती. ज्याला ती कळली, त्याने ती हेरली ते तुम्हाला अडकवायला. लपवण्यासारखं काही नसेलही. पण गरजेच्या वेळी आपण किती हतबल आहोत, हे कुणाला कळावं ते आपणच ठरवायला हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं, त्याचा साध्या भाषेत अर्थ हाच.

खरी मेख पुढेच आहे. दुरुस्ती आली, पण ती सगळ्यांना मिळत नाही. विंडोज ७ वर क्रोमची १०९ नंतरची आवृत्ती चालत नाही. अँड्रॉइड ७ च्या फोनला ११९ च्या पुढे जाता येत नाही. म्हणजे पुण्यातल्या नव्या लॅपटॉपवरची गळती बुजली. पण मोठ्या भावाचा जुना फोन वापरणाऱ्या जळगाव जामोदच्या मुलीला या दुरुस्तीचा उपयोग शून्य. ज्याच्याकडे नवं मशीन घ्यायला पैसे नाहीत, त्याचंच गुपित उघडं. आम्हाला हे मान्य नाही, आणि तुम्हीही मान्य करू नये.

म्हणून आज दोन कामं करा. पहिलं, क्रोमच्या तीन टिंबांवर जाऊन आवृत्तीचा आकडा बघा. १३६ किंवा त्याच्या पुढे नसेल तर अपडेट करा. ब्राउझरमधल्या त्रुटींबद्दल केंद्राची सर्ट-इन ही संस्था वरचेवर इशारे देते आणि तिचाही पहिला सल्ला अपडेटचाच असतो. जिथे अपडेट होतच नाही, तिथे आणि नेट कॅफेत इन्कॉग्निटो विंडो उघडा, काम झालं की लॉगआउट करून ती बंद करा. त्या विंडोतलं फिरणं ब्राउझर जपून ठेवत नाही. मात्र ती जादूची टोपी नव्हे. तुम्ही जी साइट उघडता, तिला तुम्ही आल्याचं कळतंच.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. उद्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये हाच आकडा बघा. १०९ वर अडकलेला दिसला तर लॅब असिस्टंटवर चिडू नका, मशीन बदलणं त्याच्या हातात नसतं. चार जणांच्या सह्यांचा अर्ज लिहा आणि प्राचार्यांना द्या. कॉम्प्युटर लॅबच्या नावाने आपण फी भरतो. त्या फीत सुरक्षित मशीन मागणं हा उद्धटपणा नाही.

आणि हो, अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.