अंतर कोसांचें कीं तासांचें?

‘चिरंजीव सिंगापुरास असतात,’ हें वाक्य आतां मांजरीसारख्या गांवींही ‘चिरंजीव सोलापुरास असतात’ इतक्याच सहजतेनें कानीं पडतें. त्यापुढें बहुधा पुस्ती असते, ‘लांब कांहीं नाहीं, साडेपांच तासांत येऊन उभा राहील!’ हा साडेपांच तासांचा हिशेब वडील माणसांनीं एकदां नीट तपासून ठेवावा, अशी आमची सूचना आहे. आजारपणाच्या रात्रीं सारी भिस्त त्यावरच असते.

पुणें व सिंगापूर यांमधील हवाई अंतर सुमारें ३८०० किलोमीटर भरतें. तें सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजीत नाहींत. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला असतां जी वाट मिळते, तीच सर्वांत जवळची. ताशीं ८५० किलोमीटर वेगानें ही वाट साडेचार तासांत सरावी. परंतु धांवपट्टीपर्यंत जाणें, वर चढणें, नेमलेल्या मार्गाचीं वळणें घेणें व उतरणें यांत आणखी तासभर सहज जातो.

शिवाय घड्याळाचा फेर आहेच. सिंगापूरचें घड्याळ आपल्यापेक्षां अडीच तास पुढें असतें. रात्रीं दोनला येथून निघालेलें विमान तेथें सकाळीं दहाला पोहोंचलें, तर प्रवास आठ तासांचा नव्हे, साडेपांच तासांचाच झाला. उलट परतीच्या तिकिटावर तोच प्रवास अवघा तीन तासांचा भासतो!

पण हें गणित थेट विमानाचें. डिसेंबर २०२२ मध्यें ‘विस्तारा’ कंपनीनें लोहगांवाहून सिंगापूरला असें विमान सुरू केलें. नोव्हेंबर २०२४ मध्यें ती कंपनी एअर इंडियांत विलीन झाली, आणि जून २०२५ मध्यें एअर इंडियानें ही फेरी कांहीं काळ स्थगित केली. अंतर तसूभरही वाढलें नव्हतें. वेळ मात्र वाढला. थेट विमान नसलें कीं मध्यें एखाद्या शहरीं विमान बदलावें लागतें, किंवा मुंबईस उतरून पुढें दीडशें किलोमीटर मोटारीनें यावें लागतें. त्यांत विमानतळावर दोन-तीन तास आधीं हजर राहणें आलें, सामानाची व पारपत्राची तपासणी आली. लोहगांवाहून मांजरी बुद्रुक जवळच. पण मध्यें मुळा-मुठेचें पात्र आणि रस्त्यावरील वाहनांची दाटी आहे. असे साडेपांच तासांचे बारा-चौदा तास केव्हां होतात, तें कळतही नाहीं.

म्हणून घराच्या उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचा खरा वेळ मुलाकडूनच विचारून घ्यावा, आणि हांकेसरशी धांवून येणारा शेजारी व डॉक्टर यांची योजना आधींच करून ठेवावी. मुख्य म्हणजे, ‘उगाच त्याला काळजी नको’ या मायेपोटीं दुखणें दडवूं नये. आईबापांच्या संकोचांत गेलेला एक दिवस कितीही वेगवान विमानाला भरून काढतां येत नाहीं.